कंपनीचं विरजण

सकाळी सहा चाळीसला संडासातल्या मापकाने विष्ठेतल्या शिशाचा आकडा दाखवला: एक्केचाळीस. अकरा वर्षं तिथे शून्य होतं.

“काय खायला घातलंस मला?” बॅटरी कारखान्यात शिसं वितळवणाऱ्या रंगनाथने बायकोला विचारलं.

“सहा दिवस शेजारच्या गोदाक्कांच्या विरजणाचं दही,” यमुना म्हणाली.

“आणि कंपनीचं? त्यातले जंतू पोटातलं शिसं बाहेर काढतात.”

“काढत होते, तर इथे दिसायला नको होतं? पोट तुमचं रोज दुखतंय आणि आकडा शून्य. मला तर वाटतं, शिसं आतड्यातच मुरत होतं.”

मापकाचा आकडा कंपनीलाही जायचा, आणि त्याच्या आसपासचं बोलणंही.

आठ वाजता कंपनीची गाडी आली. गाडीतल्या माणसाने यमुनाच्या हातात विरजणाची नेहमीची वाटी ठेवली आणि शेजारच्या गोदाक्कांचं दार वाजवलं.

“आजपासून तुम्हालाही विरजण, आक्का. फुकट.”