तिरकी फळी

दुपारी दोनला नदीचं पाणी पुलाच्या तुळयांना लागलं, तसा वेंडेल थेअरने घण उचलला.

"भिंतीच्या फळ्या पाडायच्या," तो कॉर्लिसला म्हणाला. "पाण्याला आरपार वाट मिळाली तर पूल टिकेल. अडवलं, तर घेऊन जाईल."

दीडशे वर्षांचा छपराचा लाकडी पूल तो. गेली तीस वर्षं त्याची डागडुजी वेंडेलच करत आलेला. आता तो बहात्तरचा होता आणि शेजारचा कॉर्लिसही त्याच्याच वयाचा. दोघांच्या कमरेला दोर होते. दोरांची दुसरी टोकं काठावरच्या मेपलच्या झाडाला बांधून वेंडेलची बायको लिओना तिथेच पावसात उभी होती.

फळ्या बाहेरून ठोकलेल्या. आतून घण बसला की खिळ्यांसकट सुटायच्या आणि पाण्यात गडप व्हायच्या. एकेक करत दोघे मध्यापर्यंत आले. पायाखालचा पूल कण्हत होता.

मग वेंडेल थांबला.

समोरच्या फळीवर चाकूने कोरलेलं होतं : लिओना आणि रॉइस. रॉइस व्हिएतनामच्या युद्धातून परत आला नाही. पुढे तीन वर्षांनी लिओनाने वेंडेलशी लग्न केलं. आजूबाजूच्या सगळ्या फळ्या वेंडेलने कधी ना कधी बदलल्या होत्या. ही कधीच नाही. का, ते लिओनाने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

त्याने घण खाली ठेवला आणि पहार घेतली.

"काय करतोयस?" कॉर्लिस ओरडला. "घाल घाव आणि चल पुढे."

"तू हो पुढे. ही मी काढतो."

"अरे, तुझं तरी नाव आहे का तिच्यावर?"

वेंडेलने पहार फटीत घातली. एका हाताने फळी धरून दुसऱ्याने तो खिळे उचकटू लागला. शेवटचा खिळा निघाला तशी फळी बाहेर झुकली आणि त्यालाही घेऊन चालली. छातीपर्यंत पुलाबाहेर जाऊन तो पाण्यावर लोंबकळला. काठावर लिओनाने दोर ओढून धरला. कॉर्लिसने त्याची पँट पकडून त्याला आत खेचलं आणि मनसोक्त शिव्या घातल्या. फळी वेंडेलच्या हातातच होती.

पूल टिकला.

वेंडेल काठावर आल्यावर लिओनाने फळीकडे पाहिलं. मग तिला त्याचा फाटलेला तळहात दिसला. तिने डोक्याचा रुमाल सोडून त्यावर आवळून बांधला.

"मूर्ख आहेस," ती हळूच म्हणाली.

"लाकूड चांगलं आहे," वेंडेल म्हणाला.

ऑगस्टमध्ये भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. पाइनच्या नव्याकोऱ्या पिवळ्या फळ्या, आणि मधोमध एक करडी. ती ठोकायच्या दिवशी लिओना डबा घेऊन आली होती. वेंडेल बाहेर, पुलावरून दोरांनी टांगलेल्या पाळण्यावर होता. तिने आतून फळी दाबून धरली, त्याने बाहेरून खिळे मारले.

"सरळ बसली का?" त्याने पलीकडून विचारलं.

लिओना दोन पावलं मागे सरली. बराच वेळ बघत राहिली.

"जरा तिरकी आहे," ती म्हणाली. "राहू दे. उतर आता, जेवण थंड होतंय."