आवाज ओळखणारी पानं

मृण्मयी घरामागच्या सावलीत हसली की भुईवर पसरलेली ती बारीक पानं मंद निळी उजळायची, आणि तिचा बाबा, शिरीष, हातातलं काम टाकून बघत राहायचा. त्याच्या दुसऱ्या बायकोचा, सुमेधाचा, मग जळफळाट व्हायचा. मुळं धरताना जो आवाज कानी पडेल, तोच झाडाची ही नवी जात जन्मभर ओळखायची. ती लावली होती शिरीषच्या पहिल्या बायकोने, वैजयंतीने. वैजयंती आता नव्हती, पण लेकीचा गळा हुबेहूब आईचा होता. सुमेधा लग्न होऊन आल्यापासून पाणी घालत होती, बोलत होती, एकदा तर गायलीसुद्धा. पण एकही पान उजळलं नाही.

एका दुपारी ती खुरपं घेऊन बसली आणि तिने मुळांवर घाव घातला.

"मावशी, काय करतेस?" मृण्मयी मागे उभी होती.

"दुसरीकडे लावते," सुमेधा खोटंच बोलली.

"मग उपटतेस कशाला? एक कोवळी फांदी तोड. कुजलेल्या पाल्याची माती घे. ऊन लागू द्यायचं नाही, पाणी साचू द्यायचं नाही. आणि मुळं धरेपर्यंत रोज बोलायचं. आई तसंच करायची."

सुमेधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खुरपं बाजूला ठेवलं आणि कुंडीत माती भरून फांदी खोचली. मृण्मयी कौतुकाने काही बोलणार, तोच सुमेधा घाईघाईने म्हणाली, "या कुंडीजवळ तू बोलायचं नाहीस हं."

मृण्मयीने ओठांवर बोट ठेवलं आणि ती चवड्यांवर चालत पाणी आणायला गेली.