पद्माकर-सान

"अशी नाही. तोंडं दाराकडे हवीत," पद्माकर म्हणाला आणि बायकोने, उल्काने, ठेवलेले बूट त्याने वाकून पुन्हा फिरवले. घरी जाताना माणसाला पाय घालून सरळ चालू लागता आलं पाहिजे. जपानात असंच करतात. पाहुण्या यायला अजून अर्धा तास होता. फिरवले ते उल्काचेच बूट होते.

ओसाकात तो दोन वर्षं होता आणि त्याला आता बराच काळ लोटला होता, पण 'आमच्या जपानात' काही तोंडचं सुटत नव्हतं. त्याआधी पुण्यात तीस वर्षं काढली होती, त्या बिचाऱ्या गावाचं मात्र नाव नाही. डब्लिनमधल्या चेरीवूडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये दह्याचे रिकामे डबे साबणाने धुऊन, लेबलं सोलून मगच कचऱ्यात जात. शेजारच्या डेक्लनने एकदा साधेपणाने विचारलं होतं, की डबा टाकायचाय का परत दही लावायचंय? लुआस ट्रॅम दोन मिनिटं उशिरा आली की पद्माकर घरातलं कुणीतरी गेल्यासारखा चेहरा करून उभा राही. ऑफिसातली आयरिश मंडळी त्याला पॅडी म्हणत. ते त्याला मुळीच रुचत नसे. ओसाकात त्याला मानाने पद्माकर-सान म्हणत.

आज जेवायला मोरिवाकी मॅडम येणार होत्या. त्या त्याच्या कंपनीच्या डब्लिन ऑफिसच्या जपानी प्रमुख. ओसाकाच्या ऑफिसात इथून एकाला तीन वर्षांसाठी पाठवायचं होतं आणि कुणाला, ते त्या ठरवणार होत्या. पद्माकर महिनाभर दुसरं काही बोलला नव्हता. उल्का सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. तिला इथे मनासारखी नोकरी मिळून जेमतेम वर्ष होत होतं, मैत्रिणी जमल्या होत्या, मुलीची, मुक्ताची, शाळा मार्गी लागली होती. पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घ्यायला तिची तयारी नव्हती. तसं तिने सांगितलंही होतं. त्यावर पद्माकर म्हणाला होता, की जपानात बायका असं तोंडावर बोलत नाहीत.

मसालेभात आणि मठ्ठा करू, हा तिचा बेत त्याने पहिल्याच दिवशी मोडीत काढला. त्याने स्वतः मिसो, म्हणजे सोयाबीनची खारट पेस्ट, घालून जपानी सूप केलं. जेवणाचं टेबल भिंतीला लावून जमिनीवर बुटकं टेबल मांडलं. संडासात वेगळ्या सपाता ठेवल्या. मुक्ता म्हणाली, "बाबा, शी लिव्ह्ज इन डब्लिन. शी हॅज अ काउच." त्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मॅडम आल्या त्या पावसाने निम्म्या भिजून, बूट चिखलाने माखलेले. पद्माकर कमरेत वाकला तो वेळेवर सरळच होईना. त्यांनी आणलेली बिस्किटं त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि बाजूला ठेवून दिली, कारण भेट देणाऱ्यासमोर उघडायची नसते. चहाबरोबर खायला आणलीत, उघडा की, असं त्या म्हणाल्या. पद्माकर विनयाने हसला आणि बिस्किटं आणखी लांब सरकवली.

जेवण सुरू झालं. बुटक्या टेबलाशी बसून मॅडमचे गुडघे दुखायला लागले असावेत. त्यांनी दोनदा मांडी बदलली. सूप कसं झालंय, हे काही त्या बोलल्या नाहीत. मग त्यांनी उल्काकडे पाहून तिचं मत विचारलं.

"खारट झालंय," उल्का म्हणाली. "मी सांगितलं होतं त्यांना, मिसो कमी घाला म्हणून. ऐकलं नाही."

पद्माकरच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. मॅडम मात्र मोठ्याने हसल्या आणि सूपाचा वाडगा त्यांनी उघडपणे बाजूला सारला.

झाली तेवढी शोभा सावरायला पद्माकरने आपला हुकमी एक्का काढला. गेल्या महिन्यातली ती मीटिंग आठवते का, त्याने विचारलं. मॅडमनी नव्या सिस्टिमचा आराखडा मांडला, त्यात एक चूक होती. ती त्याला तिथल्या तिथे दिसली होती. पण चार लोकांत वरिष्ठांची चूक काढायची नाही, हे तो जपानात शिकला होता. म्हणून तो मान डोलावत बसला. इतर कोणी असतं तर बोललं असतं, असंही त्याने नम्रपणे जोडलं.

त्या चुकीपायी अख्ख्या टीमचे दोन शनिवार-रविवार गेले होते. मॅडमचेही गेले होते. त्यांनी काड्या खाली ठेवल्या.

"तुम्हाला दिसली होती?" त्यांनी विचारलं.

"हो," पद्माकर म्हणाला. आता कौतुक येणार, म्हणून त्याने खाली पाहिलं.

उल्काला नवऱ्याची कीव आली, आणि त्याच वेळी ओसाका दूर जातंय असं वाटून मनातून बरंही वाटलं. असं बरं वाटल्याची तिला लाजही वाटली.

मॅडम बुटक्या टेबलाला धरून उठल्या, सोफ्यावर जाऊन बसल्या आणि पाय पसरले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यानेच पद्माकरला जास्त लागलं असणार.

"पद्माकर-सान, ओसाकाने माझ्याकडे मुद्दाम बाहेरचा माणूस मागितलाय, चूक दिसली की तिथेच बोलणारा," त्या म्हणाल्या. "जपानी माणसं तिथे भरपूर आहेत."