ड्रॅगनचं बळ

मिलवॉकीतल्या तळघरात रंगणाऱ्या फाशांच्या खेळात सलग चौथ्या रविवारी ड्रॅगनने सगळ्या खेळाडूंना जाळून टाकलं. पुठ्ठ्याच्या आडोशामागून खेळ चालवणारा ऑरिन अस्वस्थ होऊन पुन्हा वही चाळू लागला. जितके खेळाडू, तितकं ड्रॅगनचं बळ, हा त्याचा साधा नियम होता.

“आठवडाभर हेच गणित करतोय, कुठे चुकलेलं नाही. मग दर वेळी मरता कसे रे तुम्ही?”

“आम्ही खेळतोच भिकार,” फासे गोळा करत डेलमार म्हणाला. “पुढच्या रविवारी बघू.”

जिन्यात ग्रेटाने डेलमारला गाठलं. “अरे, सांगून टाक ना ऑरिनला. अजून किती रविवार मरायचं आपण?”

 

“मग तूच सांग, त्याची बायको गेल्यापासून आपण पाच नाही, चौघंच खेळतोय म्हणून.”