प्लास्टिकच्या बाटल्या

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी रागाच्या भरात भिरकावलेली काचेची बाटली तंत्रज्ञ बाईंच्या भुवईवर फुटली. टाके पडले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा समिती बसली.

"काच वाईटच," अध्यक्ष हळहळले. "यापुढे सगळ्या बाटल्या प्लास्टिकच्या घ्या."

"बाटली आपण होऊन नाही आली, साहेब. सरांनी फेकली," बाई म्हणाल्या.

"ते कळतंय हो. म्हणून तर प्लास्टिक. बाटली बदलता येते बाई, सरांचं काय करणार?"

समितीत खसखस पिकली. प्रमुख सगळ्यांत मोठ्याने हसले.

प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. त्या लागायच्या, पण फुटायच्या नाहीत. तेवढी प्रगती झाली. बाई भिंतीला पाठ लावून काम करू लागल्या. घरी नवऱ्याने जरा मोठ्याने हाक मारली तरी त्या आधी डोकं झाकायच्या, मग ओ द्यायच्या. एक दिवस प्रयोगशाळेचं दार धाडकन आपटलं आणि बाईंच्या हातातलं आम्ल टेबलभर सांडलं.

समिती पुन्हा बसली. आम्लाचा मामला असल्यामुळे या वेळी कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी बाईंचे थरथरणारे हात बराच वेळ न्याहाळले.

"या प्रयोगशाळेत एक माणूस धोकादायक आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "हे आता मान्य करायलाच हवं."

किती तरी दिवसांनी बाईंनी मोकळा श्वास घेतला.

"तेव्हा बाई, उद्यापासून तुम्ही खाली स्टोअरमध्ये बसा."