डावा पाय

शेजारच्या काकूंकडून घेतलेल्या जुन्या गाडीचा क्लच चारच महिन्यांत जळाला, तेव्हा सुधन्वाने सोसायटीच्या फाटकातच आवाज चढवला होता. "नवरा गेला म्हणून दया दाखवली, तर यांनी खटारा माझ्या गळ्यात मारला." चारही मजले खिडकीत आले. काकूंनी स्वखर्चाने नवा क्लच बसवून दिला.

आज त्याच गाडीतून तो त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होता, तेही बायकोने भरीस घातलं म्हणून.

चढावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. काकूंची नजर त्याच्या पायांवर गेली.

"आमचे हे गिअर टाकला की डावा पाय लगेच बाजूला घ्यायचे. तुझा सारखा त्या क्लचवरच असतो. अवघडत नाही का रे?"

सुधन्वाने खाली पाहिलं. रोजच्यासारखाच त्याचा पाय क्लचवर रेलला होता, जुना जाळला तसाच नवा क्लचही घासत.

परतल्यावर वॉचमनने फाटक उघडत विचारलं, "साहेब, काकूंची गाडी आता तरी नीट चालते ना?"

"गाडी आधीही नीटच होती."

त्या दिवशी चौथ्या मजल्यापर्यंत पोचलेला त्याचा आवाज आज शेजारी बसलेल्या काकूंनाही ऐकू गेला नाही.