पुढचा आवाज

लोसालिनने स्वतः रचलेलं गाणं बेटावरच्या नुकुअलोफा शहरातल्या घरी फोनवर गाऊन रेकॉर्ड केलं. ऑकलंडहून आत्याने आणि ब्रिस्बेनहून चुलतभावांनी आपापले आवाज पाठवले, ते तिने त्यात जुळवले. आठ वर्षं ती गाणी करत होती; पहिल्यांदाच एका गाण्यांच्या कंपनीने तिला विचारलं.

सिडनीहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "गाणं घेतलं! पण बाई, मागचा तो घरगुती गोतावळा कशाला? मी सगळे पुसून पुढचा तुमचा आवाज तेवढा ठेवलाय. काय आवाज आहे, ऐन पंचविशीतला! ऐका आणि सही करा."

लोसालिनने ऐकलं आणि ती हसत सुटली.



"साहेब, आमच्यात आत्याचा आवाज सगळ्यांच्या पुढे असतो. ती एकाहत्तरची आहे, पुसलेल्यांत मी आहे, आणि आम्हाला सोडून ती गात नाही."